न झालेल्या कार्यक्रमाचा वृत्तांत

"ध्वजारोहण, दीपप्रज्वलन आणि नारळ फोडणं," आहिरे गुरुजी म्हणाले, "यातलं एक जरी कुणाच्या वृत्तांतात निघालं, तर हा खडू त्याच्या टाळक्यात बसेल. माझा नेम तुम्हाला माहीत आहे."

माहीत होता. त्या वर्षी सातवीच्या वर्गात खडू न खाल्लेलं पोर शोधून सापडलं नसतं.

एप्रिल महिना, सकाळची शाळा, परीक्षा तोंडावर. आदल्या दिवशी गुरुजींनी 'तुमच्या शाळेत साजऱ्या झालेल्या कार्यक्रमाचा वृत्तांत लिहा' म्हणून सांगितलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी एकच लिहून आणलं होतं. पाहुण्यांचं आगमन झालं, त्यांनी मोलाचं मार्गदर्शन केलं, आभार मानले, कार्यक्रम संपला. पाहुण्याचं नाव एकानंही लिहिलं नव्हतं, कारण आमच्या हिवरदरीला पाहुणे यायचे ते फक्त लग्नाला नाहीतर दहाव्याला.

"अरे, हे वाचून म्हैस रवंथ करायची थांबेल," गुरुजी म्हणाले. "आता नियम ऐका. असा कार्यक्रम लिहायचा, जो झालेलाच नाही, पण व्हावा असं तुम्हाला मनापासून वाटतंय. गाव खरं, माणसं खरी, नावं खरी. आणि असा लिहायचा की वाचणाऱ्याला चुटपुट लागली पाहिजे, आयला, मी कसा काय गेलो नाही!"

"गुरुजी, म्हंजे खोटं लिहायचं?" दिगंबरनं विचारलं.

"खोटं नाही रे. आगाऊ लिहायचं."

आगाऊ हा शब्द आमच्या घरी माझ्यासाठीच राखून ठेवलेला होता. मी लगेच वही उघडली.

दिगंबरनं गुरुजींच्या बदलीचा निरोपसमारंभ लिहिला आणि स्वतःच्या भाषणाला टाळ्यांचा कडकडाट पाडून घेतला. गुरुजींनी त्याला दहापैकी आठ दिले आणि खडूही दिला. सुमननं शेळीचं बारसं लिहिलं. माझ्या मनात मात्र दुसरंच होतं.

आमची शाळा सातवीपर्यंत. आठवी देवळगावला. मध्ये ओढा आणि कुत्रं भुंकायला नाही असा माळ. पोरं सायकलीवर जायची, पोरी सातवीनंतर घरी बसायच्या. माझी चुलत बहीण बसली, शेजारची लीला बसली, आता माझी पाळी होती. मला घरी बसायचं नव्हतं. का ते कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण कांद्याच्या वाफ्यात खुरपं घेऊन वाकायचं आणि लग्न झाल्यावर दुसऱ्याच्या वाफ्यात वाकायचं, एवढं पुढचं मला लख्ख दिसत होतं.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी एकदा धीर करून विचारलं होतं. आप्पा फार कमी बोलणारा माणूस. बैलाशी जितकं बोलत तितकंसुद्धा आमच्याशी बोलत नसत.

"देवळगाव लांब आहे," ते म्हणाले होते. "गावात आठवी असती तर गोष्ट येगळी."

आणि गावात आठवी होऊ शकत होती! वरच्या साहेबांनी गुरुजींना स्पष्ट सांगितलं होतं, खोली दाखवा, वर्ग घ्या. खोली होती. शाळेला लागूनच समाजमंदिर होतं, चांगलं पत्र्याचं, फरशी घातलेलं. पण त्याची किल्ली तात्या बोरस्त्यांच्या करगोट्याला होती आणि आत तात्यांचा कांदा होता. तात्या गावातले सगळ्यांत मोठे शेतकरी. त्यांची स्वतःची कांदा साठवायची चाळ भरून वाहिली की उरलेला उन्हाळ कांदा समाजमंदिरात पडायचा, तो भाव चढेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत. गुरुजी तीनदा भेटून आले होते. तात्या प्रत्येक वेळी चहा पाजत आणि म्हणत, "बघू."

तर मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवलं. वर्ग आधी हसला, मग पुढे सरकून ऐकायला लागला. गुरुजींनी वही हातातून घेतली, परत एकदा मनात वाचली आणि म्हणाले, "चंद्रकला, फळा पुसून ये. बाहेरचा."

बाहेरचा फळा म्हणजे शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर काजळी फासून केलेला चौकोन. त्यावर एरवी सुविचार असायचा आणि तो कुणी वाचत नसे. गुरुजींनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून काढलं:

'हिवरदरी येथे आठवीच्या वर्गाचा शुभारंभ (आमच्या वार्ताहराकडून). येथील दानशूर व्यक्तिमत्त्व मा. तात्यासाहेब बोरस्ते यांनी समाजमंदिरातील आपला कांदा स्वखुशीने हलवून सदर जागा आठवीच्या वर्गासाठी शाळेच्या स्वाधीन केली. या वेळी बोलताना तात्यासाहेब म्हणाले, "कांदा आज आहे, उद्या सडेल. शिक्षण सडत नाही. माझी आई अंगठा उठवत मेली, गावातल्या पोरींनी सही करावी." हे बोलताना तात्यासाहेबांना गहिवरून आले. व्यासपीठावर त्यांच्या शेजारी सौ. भागूबाई बोरस्ते स्थानापन्न होत्या. पालकांच्या वतीने श्री. रंगनाथ वाबळे यांनी मनोगत व्यक्त केले. ते म्हणाले, "माझी चंद्रकला शिकेल तितकी शिकवीन. मध्येच घरी बसवणार नाही. हा माझा सगळ्या गावासमोर शब्द आहे." पेढे वाटून कार्यक्रमाची सांगता झाली.'

रंगनाथ वाबळे म्हणजे आमचे आप्पा.

"गुरुजी, खाली 'सराव' असं लिहायचं ना?" मी विचारलं.

गुरुजींनी फळ्याकडे मागे सरकून बघितलं. "जागा कुठाय?" असं म्हणून त्यांनी हात झटकले आणि आत गेले. टीचभर जागा होती खाली. मीही त्यांच्यामागून आत गेले.

तात्या तेव्हा गावात नव्हते. मेव्हणीच्या मुलीच्या लग्नाला नगरकडे गेले होते, सगळं उरकून चार-सहा दिवसांनी यायचे होते. भागूकाकू दुभत्या म्हशीमुळे मागे राहिल्या होत्या.

दुपारी मी दळण घेऊन दगूनानांच्या गिरणीवर गेले, तर तिथं हीच चर्चा.

"कधी झाला म्हणं कार्यक्रम?" एका बाईनं विचारलं.

"सकाळी झाला," दगूनाना पट्टा चढवत म्हणाले. "आटपशीर झाला. पण चांगला झाला."

मी डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघितलं. "नाना, तुम्ही होतात?"

"होतो म्हंजे? मागं उभा होतो, लिंबापाशी. तात्या असा गहिवरला... मी म्हटलं, काय खरं नाय आता."

"तात्या तर नगरला गेलेत ना?" बाई म्हणाली.

"कार्यक्रम उरकून गेला," नानांनी जागच्या जागी सोडवलं आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. "हिच्या बापानं काय भाषण ठोकलं! वाटत नाय, पण रंगनाथमध्ये पाणी आहे."

माझं हसू पोटात मावेना. पीठ सांडत घरी गेले. मला तेव्हा कळलं की आमच्या गावात एक वेळ माणूस उपाशी आहे असं कबूल करील, पण मला बोलावणं नव्हतं असं करणार नाही. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव कार्यक्रमाला जाऊन आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू मोगल शाळेवर आले. बापू म्हणजे तात्यांच्या खालोखालचे बागाईतदार, आणि दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तात्यांनी मोटर घेतली की बापूंनी विहीर खोल करायची, असं चाललेलं.

"मास्तर, हे बरोबर झालं नाय," बापू दारातूनच म्हणाले. "आम्ही काय गावात राहत नाय का?"

"काय झालं बापू?"

"कार्यक्रम करता आणि आम्हाला साधा निरोप नाय! व्यासपीठावर सोडा, खालीसुद्धा नाव नाय. रंगनाथचं नाव आहे! रंगनाथ!"

"अहो बापू, तसा काही कार्यक्रम झालेलाच नाही. मुलांचा लेखनाचा उपक्रम आहे. या चंद्रकलानं मनानं लिहिलंय."

बापूंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"झालेलाच नाय?"

"नाही."

बापू जरा वेळ मिशी चोळत उभे राहिले. वाटलं, आता हसतील आणि जातील. पण छे!

"आसं," ते म्हणाले. "म्हंजे जो झाला नाय, त्यालासुद्धा आम्हाला बोलावलं नाय."

गुरुजींनी हात जोडले. त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "चंद्रकला, बापूंचं काय करता येईल बघ बाई."

मी बाहेर जाऊन स्टुलावर चढले. जागा खरंच थोडीच होती. बापू खालून सांगत होते, "प्रमुख पाहुणे घाल."

"प्रमुख पाहुणे बाहेरगावचे असतात, बापू."

"मग काय घालती?"

मी गुरुजींकडे चोरून बघितलं आणि पेढ्यांच्या आधी बारीक अक्षरात बसवलं, 'प्रगतिशील शेतकरी मा. बापूसाहेब मोगल यांच्या हस्ते श्रीफळ वाढवण्यात आले.' गुरुजींचा हात खिशातल्या खडूकडे गेला होता, पण मारला नाही. बापूंनी दोनदा वाचलं, मान डोलावली आणि जाताना म्हणाले, "पोरगी हुशार आहे. पुढं शिकवा तिला."

संध्याकाळी भागूकाकू आल्या. डोक्यावर पदर, हातात चरवी, दूध घालून परत निघालेल्या. फळ्यापुढे उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मी आणि सुमन तिथंच सागरगोटे खेळत होतो.

"चंद्रे, काय लिवलंय गं? सगळ्या बाया मला हसून बघत्यात."

मी वाचून दाखवलं. 'गहिवरून आले' इथं काकूंनी पदर तोंडाला लावला.

"आमच्या ह्यांना? गहिवरून? अगं, सासू गेली तवा बी म्हणले, आधी पाणी भरून घ्या, लाइट जाईल." आणि हसत बसल्या तिथं दगडावर. मग म्हणाल्या, "माझं नाव कुठं होतं ते वाच परत."

"व्यासपीठावर त्यांच्या शेजारी सौ. भागूबाई बोरस्ते स्थानापन्न होत्या."

"म्हंजे?"

"म्हणजे बसल्या होत्या."

"खाली?"

"खुर्चीवर, काकू."

"ह्यांच्या शेजारी? खुर्चीवर?"

"हो."

काकूंनी परत फळ्याकडे बघितलं. चरवीचं झाकण उगाच काढलं, लावलं. मग उठल्या. "शेवटी काय म्हणलं? पेढे वाटले?"

"पेढे वाटून कार्यक्रमाची सांगता झाली."

"मग वाटाया नकोत?" त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

मला वाटलं, गंमत करताहेत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी घरच्या खव्याचे पेढे परातीत घालून दारोदार वाटले. कुणी 'कशाचे?' विचारलं की म्हणायच्या, "फळ्यावर वाच." आता सांगा, पेढा तोंडात असताना कार्यक्रम झालाच नाही असं कोण म्हणणार? ज्यांना अजून शंका होती त्यांचीही तोंडं गोड झाली. मला काकूंनी दोन दिले. एक माझा आणि एक म्हणाल्या वार्ताहराचा.

आप्पांनी पेढा खाल्ला आणि बोटं धोतराला पुसली. लोक त्यांना रस्त्यात अडवून 'भाषण झकास झालं रंगनाथ' म्हणत होते. आप्पा 'हं' म्हणत आणि बैल हाकत. मला त्या 'हं'ची भीती वाटत होती. रागावलेत, की हसताहेत, की फळ्यावर नेमकं काय आहे ते त्यांना कुणी सांगितलंच नाही, काही कळत नव्हतं.

तात्या आले ते सकाळच्या गाडीनं. आमचा मराठीचाच तास चालू होता. गाडीच्या थांब्यावर दगूनानांनी त्यांच्या गळ्यात हार घातला म्हणे, आणि तात्यांना वाटलं लग्नाहून आलोय म्हणून घातला असेल. मग दुसऱ्यानं पाया धरले. तिसरा म्हणाला, "तात्या, आईचं नाव काढलंत." तात्या हार घातलेलेच घरी गेले आणि तसेच शाळेकडे आले. मागून निम्मं गाव.

"कुणी लिहिलं हे?" रस्त्यावरून आवाज आला. पत्रे हादरले.

आम्ही सगळे बाहेर आलो. तात्या फळ्यापुढे उभे. गळ्यात झेंडूचा हार, खांद्यावर टॉवेल, डोळे लाल. बापू मोगलही आलेले, जरा लांब, छत्री टेकवून.

"मुलांचा सराव आहे, तात्या," गुरुजी म्हणाले. "पण चूक वाटत असेल तर पुसून टाकू." आणि त्यांनी काय करावं? आत जाऊन डस्टर आणलं आणि तात्यांच्याच हातात दिलं. "पुसा तुम्हीच. तुमच्याबद्दलच आहे."

तात्यांनी डस्टर घेतलं. हात वर केला. आणि वाचायला लागले. तात्या ओठ हलवत वाचायचे. सगळं गाव त्यांच्या ओठांकडे बघत होतं. 'दानशूर व्यक्तिमत्त्व' जवळ ते जरा रेंगाळले. मग खाली आले. 'माझी आई अंगठा उठवत मेली' इथं ओठ थांबले.

"कुणी लिहिलं?" त्यांनी परत विचारलं, पण आता हळू.

"मी," मी म्हणाले. गुरुजींच्या आडून पुढे आले.

"रंगनाथची ना तू? माझ्या आईचं तुला काय माहीत?"

"माझी आजी सांगायची. दोघींनी एकदमच अंगठे उठवले होते, कसल्यातरी कागदावर. मग दोघी शाई निघेना म्हणून ओढ्यावर बसून वाळूनं घासत होत्या."

तात्यांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. डस्टर या हातातून त्या हातात घेतलं.

"आणि कांदा?" एकदम ओरडले. "कांदा कुठं ठेवू? तुझ्या बापाच्या डोक्यावर?"

मी तोंड उघडायच्या आत छत्रीचा आवाज आला. बापू मोगल पुढे आले होते.

"माझी अर्धी चाळ मोकळी आहे," बापू म्हणाले. "मी नारळ फोडलाय तात्या, आता माघार नाय. गावात काय तोंड दाखवू?"

"तू कवा फोडला नारळ?"

"वाच की खाली. बारीक अक्षरात आहे."

तात्यांनी वाकून वाचलं. "ह्याच्या हस्ते?" ते गुरुजींकडे वळले. "मास्तर, माझ्या कार्यक्रमात ह्याच्या हस्ते?"

माझा कार्यक्रम म्हणाले! गुरुजींनी ते ऐकलं, मीही ऐकलं. गर्दीतून भागूकाकू हळूच म्हणाल्या, "अहो, पेढे वाटून झालेत. गावानं खाल्लेत."

तात्यांनी बायकोकडे बघितलं. मग गळ्यातल्या हाराकडे बघितलं. मग डस्टर माझ्या हातात दिलं, करगोट्याची किल्ली चाचपली आणि म्हणाले, "भाषण आसंच राहू दे. मला पाठ करायला लागेल."

कांदा दोन दिवस हलत होता. गावातली सगळी पोरं पाट्या वाहत होती आणि समाजमंदिर धुतलं तरी वास काही जाईना. मी नाचत घरी गेले. आप्पा गोठ्यात वैरण टाकत होते.

"आप्पा, खोली मिळाली! आता जूनपासून आठवी गावात!"

"हं."

"मी जाणार ना?"

आप्पांनी पेंढी सोडली. "खोली झाली म्हंजे झालं का?" ते म्हणाले. "आईनं एकटीनं किती ओढायचं? बारका रांगायला लागलाय, त्याला कोण बघणार? सातवी झाली, लिहिता-वाचता आलं. पुष्कळ झालं."

"तुम्हीच म्हणाला होतात, गावात असती तर गोष्ट वेगळी!"

"म्हटलं असेन."

मला इतका राग आला की पायाखालची पेंढी मी लाथेनं उडवली आणि गव्हाणीमागे जाऊन ढसाढसा रडले. सगळं गाव मी हलवलं होतं. बापू मोगल आणि तात्या बोरस्ते एका चाळीत आणले होते. आणि घरातला एक माणूस जागचा हलेना. आईनं येऊन डोक्यावर हात ठेवला, पण ती तरी काय बोलणार!

कार्यक्रम एक मेला ठेवला, निकालाच्या दिवशी. झेंडावंदन झाल्यावर सगळे समाजमंदिरापुढे जमले. गुरुजींनी वेगळी पत्रिका काढलीच नाही. गरजच नव्हती. बाहेरचा फळा पुसलेला नव्हता, आणि गावाला पुढे काय व्हायचं ते तोंडपाठ होतं. टेबलामागे खुर्च्या मांडल्या होत्या आणि एका खुर्चीवर, तात्यांच्या शेजारी, भागूकाकू बसल्या होत्या. नवी इरकल, पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि बसल्या होत्या ताठ. तात्यांनी भाषण केलं. शब्द न् शब्द माझा. 'सही करावी' म्हटल्यावर त्यांनी टॉवेल काढला आणि डोळ्यांना लावला, तेव्हा मी मनात म्हटलं, काय नाटकी माणूस आहे! पण डोळ्यांवरचा टॉवेल खाली घ्यायला त्यांना फार वेळ लागला, आणि काकू त्यांच्याकडे बघत होत्या त्यावरून वाटलं की तेवढं नाटक नव्हतं. बापूंचा नारळ तिसऱ्या दणक्याला फुटला. तात्या त्यावर खुश झाले.

मग गुरुजी उठले. फळ्यावरची ओळ वाचावी तसं म्हणाले, "आता पालकांच्या वतीने श्री. रंगनाथ वाबळे मनोगत व्यक्त करतील."

आप्पा मागे लिंबाखाली उभे होते. सगळ्या माना तिकडे वळल्या. आप्पांनी मागे बघितलं, जणू दुसरा कुणी रंगनाथ मागे उभा आहे.

"ये की रे रंगनाथ!" तात्या म्हणाले.

आप्पा पुढे आले. टोपी काढली, परत घातली. टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले. घसा खाकरला. काहीच नाही. मी पहिल्या रांगेत बसले होते, माझ्या मांडीवर बारका. आप्पांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"बोल की," मागून दगूनाना ओरडले. "मागच्या वेळी किती झकास बोलला होतास!"

सगळे हसले. आप्पाही जरा हसल्यासारखे झाले आणि परत टेबलाकडे बघू लागले. आता बायकांमधून कुणीतरी हळूच सांगितलं, "माझी चंद्रकला..."

"माझी चंद्रकला," आप्पा म्हणाले आणि थांबले.

"शिकेल तितकी," दगूनाना.

"शिकेल तितकी शिकवीन."

"मध्येच..." आता दहा-बारा जणांनी एकदम सांगितलं. सगळ्यांना पाठ होतं. इतके दिवस भिंतीवर होतं ते.

आप्पांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. बारक्यानं नेमकं तेव्हाच माझी वेणी ओढली, पण मी हलले नाही.

"मध्येच घरी बसवणार नाय."

"हा माझा..." गाव म्हणालं.

आप्पांनी हात वर करून गावाला थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी असं थांबवलं असेल.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "शब्द आहे. सगळ्या गावासमोर." आणि टोपी सारखी करत खाली गेले. टाळ्या पडल्या त्या तात्यांपेक्षा जास्त, त्यामुळे तात्या पुढे दोन दिवस घुश्शात होते.

तात्यांचा कांदा मला हलवायचा होता, ते खरंच. पण त्या वृत्तांतातली आप्पांची ओळ मी सर्वांत आधी लिहिली होती. बाकीचा कार्यक्रम तिच्याभोवती नंतर उभा केला. आप्पांचं 'गोष्ट येगळी' मला पहिल्यापासून खोटं वाटत होतं, आणि आपला बाप घरात फिरवलेला शब्द गावात फिरवणार नाही, एवढं मला बाराव्या वर्षी कळत होतं.

घरी जाताना आप्पांनी बारक्याला माझ्याकडून घेऊन खांद्यावर बसवलं. ओढ्याच्या वळणावर म्हणाले, "चंद्रे, माझ्या तोंडात कायबी घालायच्या आधी मला विचारत जा."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"नाय."

"मग?"

आप्पांनी जरा विचार केला. "मग नको विचारू," ते म्हणाले.

देवळगावला दहावीत होते, परीक्षा तोंडावर होती, तेव्हा मला येवल्याकडचं स्थळ आलं. मुलगा नोकरीला, घरचं पाणी, हुंडा नको, पाहुणे पोह्यांच्या बशा घेऊन ओटीवर बसलेले. तात्याच मध्यस्थ होते. आई आतून डोळ्यांनी मला गप्प राहा म्हणून सांगत होती. आप्पांनी पाहुण्यांना दुसऱ्यांदा चहा दिला, पान दिलं आणि म्हणाले, "माणसं चांगली आहात. पण आत्ता जमायचं नाय."

"का हो? काही अडचण?"

"आमच्याकडं फळ्यावर लिहून झालंय," आप्पा म्हणाले.

पाहुण्यांना काही उमगेना. त्यांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी पान तोंडात टाकलं आणि मान हलवली, "हो, ते खरं आहे. मी होतो तिथं."

फळा पुसून तेव्हा तीन वर्षं झाली होती.